जावेच्या कादंबरीचा शेवट

माझ्या जावेने कादंबरी लिहिली, आणि ती चांगली आहे. या दोन गोष्टींपैकी कुठलीही एकच खरी असती तर मी निभावून नेलं असतं. वाईट कादंबरी लिहिणाऱ्या जावेवर मी मनापासून माया केली असती. काहीच न लिहिणाऱ्या जावेवर तर ती या घरात आल्यापासून करतच होते.

हेवा वाईट असतो हे मला कोणी सांगायला नको. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. मत्सराने माणसाचं कसं नुकसान होतं यावर पोरांनी लिहिलेले निबंध दरवर्षी तपासते आणि समासात ‘उदाहरण द्या’ असं लिहिते. उदाहरण घरातच होतं, एवढंच मला ठाऊक नव्हतं.

आमचं घर बल्लारपूरला. नवरा कोळशाच्या खाणीत, धाकटा दीर पेपर मिलमध्ये, आणि सासरे गेल्यापासून घराची सूत्रं सासूबाईंच्या हातात. सासूबाईंना वाचता येत नाही. पण दारात पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याबरोबर त्यांचं एक वाक्य बाहेर यायचं, “आमची मोठी लिहिते.” मोठी म्हणजे मी. माझे दोन कवितासंग्रह आहेत. त्यांच्या उरलेल्या प्रती दिवाणात, थंडीच्या रजयांखाली आहेत. कविसंमेलनात मिळालेल्या शाली त्या रजयांच्याही खाली. यातली एकही कविता सासूबाईंनी कधी पूर्ण ऐकली असेल असं मला वाटत नाही, पण ते वाक्य त्या न चुकता म्हणायच्या, आणि त्या वाक्यावर मी या घरात एवढी वर्षं ताठ मानेने राहिले. सून म्हणून माझ्या पोळ्या जाड होतात, पाहुण्यांच्या पंगतीत माझी भाजी खारट होते. पण मोठी लिहिते.

जाऊ आलापल्लीची. तिचे वडील वनखात्याच्या लाकूड आगारात कामाला होते, सागाच्या ओंडक्यांच्या थप्प्यांमध्ये ती लहानाची मोठी झाली. राजुऱ्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती नोकरी करते. रोज सकाळी स्कूटी काढून वर्धा नदीच्या पुलावरून पलीकडे जाते, सायंकाळी येते, आल्या आल्या पदर खोचून भाकरीला बसते. वागायला गोड, कामाला वाघ. तिच्यात दोष एकच होता, तो म्हणजे ती सारखी मोबाइलमध्ये डोकं घालून असायची. मला वाटायचं, माहेरच्यांशी गप्पा मारत असेल. एकदा मी तिला त्यावरून टोमणाही मारला. ती हसली आणि म्हणाली, “ताई, लॅबमधी मशीन रक्त फिरवून राह्यली का मले बसूनच राहा लागते. तवा थोडंसं लिहितो.”

“काय लिहितेस?”

“गोष्ट.”

मी तिच्याकडे असं पाहिलं, जसं नववीच्या मुलीने कविता लिहून आणली की पाहते. “छान,” म्हणाले. “लिहावं. मनाला विरंगुळा होतो.” हे ‘विरंगुळा’ आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

तिची ती गोष्ट एका अॅपवर प्रकरणाप्रकरणाने येत होती, आणि खाली लोक बदामाच्या खुणा टाकत होते. हे मला माझ्याच शाळेतल्या गणिताच्या बाईंकडून कळलं. स्टाफरूममध्ये त्या डबा उघडा टाकून वाचत बसल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “अहो, तुमच्याच बल्लारपूरची आहे कोणी.” मी नाव वाचलं आणि त्या दिवशी माझा डबा तसाच घरी आला.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी, जाऊ कामावर गेल्यावर मी दार लावून ती वाचली. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मला फार बरं वाटलं. पहिल्या प्रकरणात मी चुकाच वेचत होते. दुसऱ्यात कमी वेचल्या. तिसऱ्यात मला चुका दिसेनाशा झाल्या, आणि दुपारचं दूध उतू गेलं.

गोष्ट एका साम्राज्याची होती. ते साम्राज्य जंगल खात खात मोठं झालेलं. सम्राटाची राजधानी सगळी सागाची, महाल सागाचा, रस्त्यावरच्या फळ्यासुद्धा सागाच्या. त्याच्या माणसांकडे शिक्क्याचे हातोडे. तोडायच्या झाडावर आणि तोडलेल्या ओंडक्यावर हातोड्याने शिक्का मारतात, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण या सम्राटाचे लोक माणसांवरही शिक्का मारायचे. ज्याच्या कपाळावर शिक्का बसला त्याचा आवाज जायचा. तो काम करायचा, जेवायचा, जगायचा, फक्त बोलू शकत नसे. गोष्टीतल्या मुलीच्या आईवर असा शिक्का मारतात, मुलीच्या डोळ्यांसमोर.

त्या मुलीच्या गावातल्या बायांकडे एक विद्या होती. त्या कुठल्याही वस्तूला हात लावून तिला तिची आठवण द्यायच्या. भाकरीला हात लावला की तिची ज्वारी व्हायची. गाडग्याला हात लावला की ओली माती. तलवारीचा दगड. आणि त्या बायांची एक शपथ होती, की या विद्येने कोणाचा जीव घ्यायचा नाही. आता तुम्हीच सांगा. महाल सगळा सागाचा. एका खांबाला हात लावून त्याला झाडाची आठवण दिली, की सगळ्या भिंतींना मुळं फुटणार, फांद्या फुटणार, छत फाडून जंगल वर येणार, आणि आतलं एक माणूस जिवंत राहणार नाही. मुलगी सूड घ्यायला निघते. एवढी साधी गोष्ट. आणि मला, मराठीची बाई असून, दोन संग्रहांची कवयित्री असून, ती सुचली नव्हती. ज्या ओंडक्यांवर बसून मी आलापल्लीला जावेच्या लग्नात फोटो काढले, त्याच ओंडक्यांत ती गोष्ट होती. मी फोटो काढून आले आणि ती गोष्ट घेऊन आली.

जावा जावा उभा दावा म्हणतात, पण आमचा दावा एकतर्फी होता. तिला पत्ताच नव्हता. सायंकाळी भाकऱ्या थापता थापता ती सासूबाईंना नवीन प्रकरण सांगायची, आणि सासूबाई, ज्यांना माझी चार ओळींची कविता ऐकताना झोप यायची, त्या चुलीपुढे पाट ओढून बसायच्या. “मंग? मंग का झालं त्या पोरीचं?” मी बाहेरच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत बसायचे आणि माझा लाल पेन नेहमीपेक्षा जास्त चालायचा. एकदा विम्याचा एजंट आला तेव्हा सासूबाई पाणी घेऊन बाहेर गेल्या, आणि मी आतून ऐकलं, “आमची लहानी लिहिते.” मग बहुतेक मी आत आहे हे त्यांना आठवलं असावं. “अन् मोठी वाचते,” त्या म्हणाल्या.

वाचते हे खरंच होतं. आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज सायंकाळी ग्रंथवाचन चालतं. वस्तीतल्या बायका स्वयंपाक उरकून, पोरांना अभ्यासाला बसवून येतात. वाचायचं काम अनेक वर्षांपासून माझ्याकडे आहे. माझा आवाज चांगला आहे. हे मी नम्रपणे सांगत नाही, कारण आता माझ्याजवळ तेवढंच उरलं आहे. ग्रंथ असा बेताने वाचायचा असतो की शेवटचं पान आश्विन पौर्णिमेला यावं. पण त्या वर्षी घरी जावेचं कौतुक चालायचं, म्हणून मी विहारात जास्त वेळ बसायला लागले होते. एक भाग संपला की बायका उठू लागायच्या आणि मी म्हणायचे, “आणखी थोडं वाचू.” परिणाम असा झाला की पौर्णिमा बरीच लांब असताना ग्रंथ संपला. हा मूर्खपणा निव्वळ माझा.

अशा वेळी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायची रीत आहे. मी तसं म्हणालेही. पण सासूबाई पुढे सरकून बसल्या. “पुन्हा वाचाचाच हाय, दरवर्षी वाचतोच. तवरक लहानीची गोष्ट वाचा नं. लय चांगली हाय.”

बायकांना काय, हवंच होतं. मी पटकन उठले. माझ्याकडे एक हुकमी पत्ता होता. “विहारात जादूटोणा वाचायचा?” मी म्हणाले. आवाज मी वर्गातलाच लावला. “खेड्यापाड्यात जाऊन आपण सांगतो, करणी नाही, भानामती नाही, मंत्र नाही. आणि आपल्याच विहारात बसून हात लावला की भाकरीची ज्वारी?”

माझं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच त्यातली गंमत. आमच्या भागात जादूटोण्याच्या संशयावरून बायकांचे काय हाल होतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्याविरुद्ध बोलले आहे. पण त्या सायंकाळी माझ्या मनात त्या बायका नव्हत्या. गणिताच्या बाईंचा उघडा डबा होता.

विहार समितीचे एक म्हातारे भाऊ कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. निवृत्त पोस्टमास्तर, कडक माणूस. त्यांच्यासमोर कोणी गंडादोरा बांधून आला तर ते आधी गंडा तोडतात, मग ख्यालीखुशाली विचारतात. मला वाटलं, झालं काम. भाऊंनी जावेला पुढे बोलावलं.

“त्यात कोणी नवस बोलते का?”

“नाई भाऊ.”

“कोणाच्या अंगात येते?”

“नाई.”

“मंग जादू कशाची हाय?”

“लाकडाले त्याचं झाड आठवून देते, भाऊ.”

“लाकडाले आठवते का?”

“नाई आठवत म्हणून तं आठवून द्या लागते,” जाऊ म्हणाली.

भाऊ हसले. मी त्यांना तोपर्यंत हसताना पाहिलं नव्हतं. “हे गोष्ट हाय बाई,” ते माझ्याकडे वळून म्हणाले. “आपण का हिच्यावर इस्वास ठेवून कोंबडं कापून राह्यलो का? पण आतमधी नको. बाहेर व्हरांड्यात वाचा.” अशी तडजोड झाली. वाचायचं कोणी, हा प्रश्नच नव्हता. जावेने एक पान वाचून पाहिलं, ते रक्ताचा रिपोर्ट वाचल्यासारखं झालं. बायका म्हणाल्या, “ताई, तुमीच वाचा.” तिचा मोबाइल माझ्या हातात आला. प्रत्येक प्रकरण संपलं की खाली लोकांचे शेरे आणि बदाम यायचे, आणि पुढचं प्रकरण उघडायला मला त्या सगळ्यांवरून बोट फिरवत जावं लागायचं.

मी ठरवलं होतं, हजेरी घेतल्यासारखं वाचायचं. सपाट. पहिल्या दिवशी जमलं. दुसऱ्या दिवशी आईच्या कपाळावर शिक्का बसतो तो भाग आला. ती मुलगी आईला म्हणते, ओरड ना, आणि आईचं तोंड उघडतं आणि त्यातून नुसता वारा येतो. तिथे माझा आवाज मला विचारून चालेना. समोर एक बाई बसायच्या, मिलच्या गेटजवळ चहाचा ठेला चालवणाऱ्या, तोंडाने फटकळ, कोणाचं ऐकून न घेणाऱ्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी वाचलं म्हणून त्या रडल्या, असं मला वाटलं. वाचन संपल्यावर त्या उठल्या, माझ्यासमोरून गेल्या, आणि जावेच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, “कसं लिहितं व माय तू!”

तेव्हापासून ते रोजचंच झालं. व्हरांडा भरायला लागला. ग्रंथाला न येणाऱ्या बायकाही यायला लागल्या. माझ्या आवाजाने त्या हसायच्या, माझ्या आवाजाने गप्प व्हायच्या, आणि कौतुक माझ्या डोक्यावरून जाऊन मागे भिंतीला टेकून बसलेल्या जावेवर पडायचं. पिकतं तिथे विकत नाही ही म्हण मी कितीतरी वर्षं माझ्या कवितांसाठी वापरत आले. आता तिचंही काही खरं राहिलं नाही. जावेचं पिकलंही इथेच आणि विकलंही इथेच.

गोष्ट महालापर्यंत आली. मुलगी दासी होऊन आत शिरली, दरबाराच्या मधल्या खांबापाशी पोचली, तिने खांबावर हात ठेवला, आठवण द्यायची तेवढी राहिली, आणि तिथे लिहिलेलं संपलं. पुढचं प्रकरण नव्हतं. ठेल्यावाल्या बाई मांडीवर हात मारून म्हणाल्या, “आता पाड माय तो महाल! वाट कोनाची पाह्यतं?” सगळ्या व्हरांड्याचं तेच मत पडलं. सासूबाईंचंही.

जावेला मात्र काही सुचत नव्हतं. नागपूरच्या एका प्रकाशकाने पुस्तक काढायचं कबूल केलं होतं, पण शेवट पाहूनच. तो दिवाळीआधी हवा होता. ती लिहायची आणि खोडायची. भाकरी करपू लागली. सासूबाईंनी पहिल्यांदाच तिच्या हाताला नाव ठेवलं आणि मी पहिल्यांदाच तिच्या बाजूने बोलले, इतकी मी त्या दिवसांत खुशीत होते. शेवट जमत नसेल तर कादंबरी काय कामाची, असं मी मनात दहादा म्हणून घेतलं.

त्याच आठवड्यात पाणी चढलं, राजुऱ्याचा पूल बंद झाला आणि जाऊ घरी राहिली. तिच्या वडिलांनी पूर यायच्या आधी वास्ते पाठवले होते. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. ते सोलायचे, बारीक चिरायचे आणि कडूपणा जाईपर्यंत पाण्यात ठेवायचे. आम्ही दोघी मागच्या अंगणाच्या दाराशी चिरत बसलो होतो. ती एकदम म्हणाली, “ताई, तुमीच सांगा. पाडू का नको पाडू?”

मी हातातला वास्ता चिरत राहिले.

“पाडला तं आतमधी सैपाकवाल्या हायेत, झाडूवाल्या हायेत, शिक्का मारलेले आपलेच लोक हायेत. सारे मरतीन. नाई पाडला तं लोक म्हणतीन, एवढी आली अन् भेली. रोज लिहितो, रोज मिटवतो. तुमाले समजते यातलं. मले नाई समजत.”

शेवटची दोन वाक्यं तिने अगदी साधेपणाने म्हटली. एवढ्या दिवसांत माझ्या कानाला गोड लागलेली तीच दोन वाक्यं, आणि तीही तिच्याच तोंडची.

मला फक्त एक शब्द म्हणायचा होता. पाड. तिने ऐकलं असतं. महाल पडला असता, व्हरांड्यात टाळ्या पडल्या असत्या, बदामांचा पाऊस झाला असता, आणि कादंबरी होती तशी उरली नसती. सूड घेतला, संपलं, अशा गोष्टी पोत्याने मिळतात. प्रकाशकाच्याही ते लक्षात आलं असतं. आणि मला कोणी बोल लावू शकलं नसतं, कारण सगळी वस्ती तेच म्हणत होती. मी तो शब्द म्हणायला तोंड उघडलं.

पण शेवट मला दिसला होता. खरं सांगायचं तर तो मला चार दिवसांपासून दिसत होता. वाचताना, भांडी घासताना, शाळेच्या रस्त्यावर. असं काही दिसलं की ते पोटात ठेवणं मला जमत नाही. परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा अडलेल्या पोराकडे मी अशी काही बघते की त्याला उत्तर कळतं. हा चांगुलपणा नाही, ही खोड आहे.

“तिले हात काढू दे खांबावरून,” मी म्हणाले. “काहीच करू देऊ नको. हात काढते, अन् आली तशी बाहेर जाते.”

“मंग?”

“मंग बाहेर तिचे लोक उभे हायेत. महाल पडाची वाट पाहून राह्यले. तो पडत नाई. ते तिले विचारतात, का झालं? ती म्हणते, मी नाई पाडला. ते म्हणतात, तुले जमलंच नाई. तुह्याजवळ कधी विद्या नव्हतीच, तू खोटी हायेस.”

जावेचा हात विळीवर थांबला.

“अन् तिच्या बाजूले एक बैलगाडी उभी हाय. लाकडाची. तिले नुसता हात लावाचा हाय. गाडीचं झाड होईन, सगळ्यायची तोंडं बंद होतीन. कोणी मरत नाई, शपथही मोडत नाई. हात वर येते तिचा. पण ती हात लावत नाई. तिले दाखवू देऊ नको. लोकायले तिले खोटी म्हणत जाऊ दे, अन् ती त्यायच्यातच राहाले जाते. तिथीच संपव.”

ओल्या हातांनीच तिने मोबाइल उचलला आणि ती आत गेली. उरलेले वास्ते मीच चिरले. माझ्या तोंडून काय गेलं हे मला तेव्हा कळलं. माझ्या दोन्ही संग्रहांत एवढं चांगलं काही नव्हतं. ते माझ्याकडून एकदाच निघालं आणि निघालं ते तिच्या झोळीत पडलं. चिरता चिरता माझा इतका जळफळाट झाला की मी बोट कापून घेतलं.

ते प्रकरण विहारात पौर्णिमेच्या आदल्या सायंकाळी वाचलं गेलं. मीच वाचलं. तिने माझी वाक्यं जवळजवळ तशीच घेतली होती, फक्त बैलगाडीच्या जागी शिक्का मारलेला ओंडका घातला होता. तो बदल चांगला होता, हेही मला गिळावं लागलं. मी वाचत गेले. मुलीचा हात ओंडक्यापर्यंत जातो आणि परत येतो, तिथे ठेल्यावाल्या बाईंच्या घशातून एक आवाज आला. मी शेवटचं वाक्य वाचलं आणि मोबाइल हातातच पालथा धरला. व्हरांड्यात बायका नुसत्या बसून होत्या. भाऊ चष्मा पुसत होते. माझ्या कुठल्याही कवितेनंतर अशी शांतता झाली नाही. मला वाटलं, आता कोणीतरी विचारील, हे सुचलं कसं?

सासूबाईंनी दीर्घ श्वास घेतला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “पाह्य मोठे,” त्या म्हणाल्या. “एवढी शिकली तू, एवढं लिहिलं. असं तुले कवाच नाई सुचलं.”

“माह्यंच हाय ते!” मी ओरडले. खरोखर ओरडले, विहाराच्या व्हरांड्यात, हातात तिचा मोबाइल घेऊन. “शेवट मीच सांगितला तिले! सारा मीच सांगितला!”

मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळा व्हरांडा हसला. “हो ताई, हो,” ठेल्यावाल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या. “महालही तुमीच बांधला, ना?”

जाऊ भिंतीपासून उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. “हसू नका,” ती म्हणाली. “खरंच ताईनं सांगितलं. मले नाई सुचत होतं. हा शेवट ताईचाच हाय.”

हसणं थांबलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्यांच्या नजरेत जे आलं ते माझ्या बाजूचं नव्हतं. “पाहा जी,” ठेल्यावाल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, “केवढं मन हाय पोरीचं. जावेची फजिती होऊ नाई म्हून उभी झाली.” भाऊ नशीब मानत नाहीत, दैव मानत नाहीत. तेसुद्धा माझ्याकडे पाहून म्हणाले, “नशीब लागते बाई अशी जाऊ भेटाले.”

घरी जाताना रस्त्यात डबकी होती, म्हणून सासूबाईंनी माझा दंड धरला होता. जाऊ पुढे उजेड दाखवत चालली होती. ती ऐकणार नाही एवढ्या हळू आवाजात सासूबाई म्हणाल्या, “बाई, कोणी न देल्लेलं घेऊ नाई. रोज पंचशील म्हणतो आपण.” त्यांचा दंडावरचा हात तसाच होता, आणि मी त्यांना डबक्यांतून सांभाळून नेत होते.

घरात शिरल्यावर जाऊ माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. डोळे भरलेले. “ताई, मी उद्या सगळ्यायच्या घरी जाऊन सांगतो. पुस्तकातही छापाले लावतो, पहिल्याच पानावर. शेवट माह्या जावेचा हाय म्हणून.”

“काही सांगू नको,” मी म्हणाले. “तू जेवढं सांगशीन, तेवढी तूच मोठी होशीन.”